तीन एक्के आले तरी पाने टाका!

तीन पत्तीत तीन एक्के म्हणजे डाव खिशात. दिवाळीत गोवंडीच्या कुठल्याही चाळीत विचारा. ओमाहा पोकरमध्ये मात्र हातात तीन एक्के येणे ही अडचण असते. इथे प्रत्येकाला चार पाने मिळतात आणि मध्ये पाच उघडतात. हातातली नेमकी दोन आणि मधली तीन घेऊनच डाव लागतो. तिसरा एक्का वापरता येत नाही, शिवाय कॅटमध्ये आता एकच उरतो. चारही बदाम आले तरी तीच गत: उरतात फक्त ९. दोनच बदाम असते तर ११ उरले असते.

तीन पत्तीत पाने २२,१०० प्रकारे येतात, ओमाहात २,७०,७२५ प्रकारे. म्हणून पाठांतर नको. चार पानांतून सहा जोड्या पडतात. त्यांतल्या किती कामाच्या, एवढेच पाहावे.

गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की घ्या. मध्ये नव्वी, अठ्ठी, दुर्री उघडली. आता राणी, गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की, पंजी, काहीही आले तरी सलग पाच जुळतात. न दिसलेल्या ४५ पानांपैकी तब्बल २० कामाची! उरलेल्या दोन पानांत जुळण्याची शक्यता सुमारे ७० टक्के. मला हे गणित फार देखणे वाटते, आणि ते करायला पैसे लागत नाहीत; चिंचोके पुरतात.

याउलट राजा, राणी, सत्ती, दुर्री, चारही वेगळ्या रंगांची: सहापैकी राजा-राणी ही एकच जोडी कामाची. ही पाने बिनदिक्कत टाकावीत.