थंड राहण्यासाठी तापणारा फ्रीज

फ्रीझरमध्ये बर्फाचे खडे तयार होतात, पण खालच्या कप्प्यातले दूध दुसऱ्याच दिवशी नासते. कॉम्प्रेसरची घरघर दिवसरात्र थांबत नाही. अशा वेळी घरात, आणि कधी कधी दुरुस्तीच्या दुकानातही, पहिला निष्कर्ष निघतो तो 'गॅस संपला' हा. गॅस भरला जातो, बिल दिले जाते, चार दिवस फ्रीज झकास चालतो आणि आठवड्याभरात पुन्हा तीच रड सुरू होते. प्रश्न केवळ नासलेल्या दुधाचा व वाया गेलेल्या पैशांचा नाही. घरात कोणासाठी इन्शुलिन ठेवलेले असेल, तर त्याला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. तेव्हा दोषाचे निदान नेमके कसे करावे, हे आपण पाहू या.

प्रथम एक गैरसमज दूर करू. फ्रीजमधला गॅस, म्हणजे शीतक द्रव्य, इंधनासारखे खर्च होत नाही. ते बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरत असते. नळीला कोठे गळती असेल तरच ते कमी होते. मग गॅस भरल्यावर फ्रीज चार दिवस चांगला का चालला? या कोड्याचे उत्तर शेवटी आपोआप मिळेल.

बर्फ येतो कोठून?

येथे आपण 'फ्रॉस्ट फ्री' प्रकारच्या फ्रीजचा विचार करीत आहोत. यात थंड होणारी नळ्यांची जाळी (बाष्पक) फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड लपलेली असते. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात आणि एक छोटा पंखा त्यांमधून हवा ओढतो. थंड झालेल्या हवेचा मोठा भाग फ्रीझरमध्ये जातो, उरलेला एका वाहिनीतून खालच्या कप्प्यात उतरतो. खालच्या कप्प्याला स्वतःची जाळी बहुधा नसतेच. तो सर्वस्वी या वाऱ्यावर अवलंबून असतो.

आता दार उघडले की काय होते ते पाहा. पावसाळ्यातली कोकणातली हवा घेऊ. तापमान ३० अंश व सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असता एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. फ्रीजची पोकळी २५० लिटर, म्हणजे पाव घनमीटर धरू. दार उघडल्यावर आतली निम्मी हवा जरी बदलली, तरी सुमारे ३ ग्रॅम बाष्प आत शिरते. दिवसातून ३० वेळा दार उघडले तर ९० ग्रॅम! भाज्यांतला व उघड्या भांड्यांतला ओलावा वेगळाच. याउलट उणे २० अंशाला एक घनमीटर हवा जेमतेम १ ग्रॅम बाष्प धरू शकते. उरलेले बाष्प जाळीवर गोठून बसते. भूगोलात आपण ज्याला दहिवर म्हणतो तेच हे.

हे दहिवर भुसभुशीत असते. त्यात हवा अडकलेली असल्याने ते उत्तम उष्णतारोधक ठरते. त्याहून वाईट म्हणजे ते पट्ट्यांमधल्या फटी बुजवते. मग पंखा फिरतो, पण वारा जात नाही. जाळीशेजारचा फ्रीझर काही काळ थंड राहतो आणि खालचा कप्पा उबदार होतो. ठरावीक तापमान गाठले जात नाही म्हणून कॉम्प्रेसरही थांबत नाही.

बर्फ वितळवण्याची योजना

यावर उपाय म्हणून फ्रीजच्या आतच एक हीटर बसवलेला असतो! थंड करण्याच्या यंत्राला थंड राहण्यासाठी दिवसातून काही वेळा स्वतःला तापवावे लागते. जुन्या रचनेत हे काम टायमर करतो. कॉम्प्रेसर काही तास चालला की टायमर त्याला बंद करून वीज हीटरकडे वळवतो. जाळीवर एक द्विधातू पट्टीचा थर्मोस्टॅट असतो. जाळी पुरेशी थंड असेपर्यंत तो मंडल जोडलेले ठेवतो आणि बर्फ वितळून तापमान शून्याच्या काही अंश वर गेले की ते तोडतो. काही कारणाने तो तुटलाच नाही, तर अतितापाने वितळणारा एक फ्यूज शेवटचा पहारेकरी म्हणून असतो. वितळलेले पाणी नळीने कॉम्प्रेसरजवळच्या ताटलीत जाते व तेथे उडून जाते.

थोडे गणित करू. उणे २० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ शून्य अंशापर्यंत आणायला सुमारे ४ किलोज्यूल व वितळवायला ३३ किलोज्यूल, म्हणजे एकूण सुमारे ३८ किलोज्यूल उष्णता लागते. १५० वॅटच्या हीटरला हे काम चार-साडेचार मिनिटांचे. प्रत्यक्षात धातू व हवाही तापते, म्हणून वेळ बराच जास्त लागतो. पण आठवडाभर बर्फ वितळलाच नाही तर तो ६०० ग्रॅमच्या वर जातो, आणि तेवढ्याला एका खेपेची मुदत पुरत नाही. म्हणूनच बिघडलेला भाग बदलल्यावरही साचलेला बर्फ आधी पूर्ण वितळवून घ्यावा लागतो.

निदान : बर्फालाच विचारा

बर्फ कोठे आहे, यावरून बरेच काही कळते. मागचा पडदा काढल्यावर सर्व जाळी सारखीच बर्फाने लिंपलेली दिसली, तर बर्फ वितळवण्याची क्रिया होत नाही असे समजावे. जाळीच्या सुरुवातीच्या वेढ्यांवरच बर्फ आणि पुढचा भाग कोरडा असेल, तर शीतक कमी असल्याचा संशय रास्त आहे. जाळीवर पातळ थर आहे पण वारा नाही, तर पंखा तपासावा. जाळी स्वच्छ, पण तळाशी बर्फाची लादी आणि खालच्या कप्प्यात पाणी असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. दाराजवळ व पुड्यांवर बर्फ दाटत असेल, तर दाराचे रबर ढिले आहे.

जाळी सर्वत्र लिंपलेली आहे असे समजू. आता संशयित चार : टायमर, हीटर, थर्मोस्टॅट व फ्यूज. यांतले शेवटचे तिघे एकसर जोडणीत असतात. एक तुटला तरी प्रवाह थांबतो. येथे एकच निरीक्षण संशयितांची वाटणी करते. टायमरची खाच पेचकसाने हळूहळू फिरवली की 'टक्' असा आवाज होतो व कॉम्प्रेसर थांबतो. त्यानंतर काही मिनिटांत बर्फ वितळू लागला, तर तिघेही निर्दोष आणि टायमर दोषी. वितळला नाही, तर दोष बहुधा तिघांपैकी एकात.

ही चाचणी बर्फ असतानाच करावी. घाईने बर्फ काढून टाकला की जाळी गरम होते, थर्मोस्टॅट मंडल तोडतो आणि पुरावाच नाहीसा होतो.

यानंतर प्लग काढून मल्टिमीटरने रोध मोजतात. २३० व्होल्टवर १५० वॅटच्या हीटरचा रोध किती असावा? व्होल्टतेच्या वर्गाला शक्तीने भागले की उत्तर येते सुमारे ३५३ ओहम. काटा हललाच नाही तर हीटरची तार तुटलेली आहे. फ्यूजचा रोध जवळजवळ शून्य हवा. थर्मोस्टॅट मात्र फसवतो. टेबलावर ठेवून मोजला तर त्यातून प्रवाह जात नाही, आणि चांगला भाग निकामी ठरवून फेकला जातो. वास्तविक खोलीच्या तापमानाला मंडल तोडणे हेच त्याचे काम! त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पॉट आइसक्रीमसाठी करतो तशा बर्फ व खडेमिठाच्या मिश्रणात बुडवावे. तीन भाग बर्फ व एक भाग मीठ घेतले की तापमान उणे १५ अंशांच्याही खाली जाऊ शकते. तेथेही मंडल जुळले नाही, तरच तो खराब.

अलीकडच्या अनेक फ्रीजमध्ये टायमरची जागा इलेक्ट्रॉनिक पट्टीने व तापमान-संवेदकांनी घेतली आहे. त्यांत फिरवायला खाच नसते, पण तर्काची दिशा तीच राहते.

सावधानता

पडदा काढणे आणि विजेचे भाग तपासणे ही कामे जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत. सुरीने बर्फ खरवडू नये. नळीला भोक पडले की शीतक निसटते, आणि आज अनेक घरगुती फ्रीजमध्ये वापरले जाणारे आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, ज्वालाग्राही आहे. वितळलेला फ्यूज वगळून तारा थेट जोडणे तर आगीला आमंत्रणच ठरेल. घरी करण्याजोगी गोष्ट एकच : सामान काढून, प्लग काढून, दारे उघडी ठेवून फ्रीज २४ तास बंद ठेवावा. त्यानंतर तो उत्तम चालला आणि आठवड्याभराने पुन्हा बिघडला, तर ही नोंद तंत्रज्ञाला तारखांसह सांगावी.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. गॅस भरण्यासाठी फ्रीज दुकानात दोन दिवस बंद पडून होता. त्या काळात जाळीवरचा बर्फ वितळला आणि श्रेय मात्र गॅसला मिळाले. अमुक गोष्टीनंतर सुधारणा झाली म्हणजे अमुक गोष्टीमुळेच झाली, असे होत नाही. वर्गात द्विधातू पट्टी, अप्रकट उष्मा किंवा एकसर जोडणी शिकवताना हे उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवावे. गॅस भरण्याचा खरोखर उपयोग झाला की नाही, हे ठरवायला कोणता प्रयोग करावा, असे त्यांनाच विचारावे. गॅस न भरता फ्रीज नुसता दोन दिवस बंद ठेवून पाहू, असे उत्तर एखाद्या मुलीने दिले तर त्या तासाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.