'किरमिजी' : एका रंगवाचक शब्दाची व्युत्पत्ती

प्रास्ताविक : मराठीत 'गुलाबी' हे रंगनाम फुलावरून आणि 'बदामी' हे फळावरून पडले आहे. 'किरमिजी' या गडद लाल रंगाच्या नावामागे मात्र एक कीटक आहे. संस्कृत 'कृमिज' म्हणजे कृमीपासून उत्पन्न झालेले, यावरून 'किरमिजी' आला, अशी व्युत्पत्ती सहज सुचते. ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दाचा प्रवास : भूमध्य समुद्राच्या परिसरातील ओकच्या एका झुडपी जातीवर केर्मेस नावाची खवले कीड आढळते. तिच्या वाळवलेल्या माद्यांपासून लोकर व रेशीम रंगविण्यासाठी लाल रंग काढीत. अरबी व फारसी भाषांत त्यास 'किर्मिझ' म्हणतात. त्याच्या मुळाशी इराणी भाषांतील 'किर्म' म्हणजे कृमी हा शब्द आहे. अरबीतून युरोपात गेलेल्या याच शब्दापासून इंग्रजीतील 'क्रिम्झन' व 'कार्माइन' हे शब्द सिद्ध झाले. मराठीत तो फारसीमार्गे आला. 'गुलाबी', 'आसमानी', 'बदामी' यांतील विशेषणवाचक 'ई' हा फारसी प्रत्यय येथेही दिसतो.

'कृमि' आणि 'किर्म' यांतील साम्य आकस्मिक नाही. दोन्ही शब्द एकाच भारत-इराणी पूर्वरूपापासून आलेले, म्हणजेच सगोत्र आहेत. संस्कृतात 'कृमिजा' हे लाखेचे नाव आहे. लाखही कीटकजन्यच होय.

समान कल्पना, भिन्न शब्द : लॅटिनमधील 'व्हर्मिक्युलुस' (लहान कृमी) या शब्दापासून फ्रेंचमार्गे 'व्हर्मिलियन' आला. पुढे तो हिंगुळाच्या खनिज रंगाला लागू झाला आणि त्यातील कीटक विस्मृतीत गेला. चेक भाषेत 'चेर्व' म्हणजे अळी, तर 'चेर्वेनी' म्हणजे लाल. भिन्न भाषाकुलातील हिब्रूमध्येही 'तोलाअत शानी' या किरमिजी रंगाच्या नावात 'तोलाअत' म्हणजे कृमीच आहे. सोळाव्या शतकात मेक्सिकोतील निवडुंगावरील कोचिनिअल कीटकाचा रंग युरोपात पोचला. 'कार्माइन' हे नाव त्यालाही मिळाले. कीटक बदलला, शब्द टिकला.

निष्कर्ष : शब्दसाम्य उसनवारीतून वा समान पूर्वजातून येते, तर कल्पनासाम्य स्वतंत्रपणेही उद्भवू शकते. 'किरमिजी'चा निकटचा स्रोत फारसी आहे. संस्कृत 'कृमि' हा त्याचा जनक नसून आप्त आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून प्रत्येक शब्दाचे मूळ संस्कृतात शोधल्यास हा भेद नाहीसा होतो आणि त्याबरोबर शब्दात साठलेला व्यापाराचा व संपर्काचा इतिहासही पुसला जातो. भाषाविज्ञानाच्या अध्यापनात हा विवेक आवश्यक ठरतो.