भुजेचा भार आणि रबराचा आधार

स्पर्धेसाठी बनविलेल्या यंत्रमानवाला वस्तू उचलून उंचावर ठेवाव्या लागतात. हे काम करणाऱ्या भुजेला वस्तूबरोबर स्वतःचा भारही उचलावा लागतो. अमेरिकेत सुरू झालेल्या ‘व्हेक्स’ स्पर्धेत विद्युत मोटरांच्या वापरावर नियमांनी मर्यादा घातलेली असून सामना अवघा दोन मिनिटांचा असतो. दंतचक्रांच्या योगे मोटरचा जोर वाढविता येतो, परंतु त्याच प्रमाणात वेग घटतो. वेग राखावा, तर जड भुजेखाली मोटर तापते आणि भुजा ऐन वेळी अर्ध्यावर अडते. या पेचावरील एक स्वस्त उपाय म्हणजे साधे रबर बँड.

समजा, भुजेचे वजन २ किलोग्रॅम असून तिचा गुरुत्वमध्य आसापासून ३० सेंटिमीटर अंतरावर आहे. भुजा आडवी असताना तिला खाली फिरवू पाहणारा जोर, म्हणजेच परिबल, ६० किलोग्रॅम-सेंटिमीटर होईल. आसापासून ५० सेंटिमीटरवर अर्ध्या किलोग्रॅमची वस्तू धरल्यास त्यात २५ ची भर पडेल. म्हणजे एकूण ८५ पैकी ६० हा भार एकट्या भुजेचा आहे. यंत्रमानवाच्या खांबापासून भुजेपर्यंत ताणलेल्या रबराने तो पेलला, की मोटरकडे केवळ २५ उरतात.

रबर ही ऊर्जा निर्माण करीत नाही. भुजा खाली येताना ते ताणले जाऊन ऊर्जा साठविते आणि वर जाताना ती परत देते. म्हणूनच रबर जितके अधिक तितके बरे, असे नाही. ते फार झाले, तर रिकामी भुजा खाली आणताना मोटरला रबराशी झुंजावे लागते. भुजेचा संपूर्ण आणि वस्तूचा निम्मा भार, म्हणजे ७२.५, रबरावर सोपविल्यास वस्तूसह वर जाताना आणि रिकामे खाली येताना मोटरवर सारखाच, १२.५ इतका भार पडतो. इमारतीतील लिफ्टचा प्रतिभार ठरवितानाही असाच विचार केला जातो.

भुजेचे परिबल ती आडवी असताना सर्वाधिक असते. वर किंवा खाली झुकताच ते कमी होते. रबराचा ओढा मात्र भुजा खाली जाईल तसा वाढत जातो. रबराचे एक टोक आसाच्या नेमके वर बांधले, तर भुजा खाली जाताना रबराची रेषा आसाजवळ सरकते आणि वाढलेल्या ओढ्याचा परिणाम आवरला जातो. इंग्लंडमधील अभियंता जॉर्ज कार्वर्डाइन याने १९३२ मध्ये रचलेला मेजावरील दिवा हवा तेथे स्थिर राहतो, तोही अशाच तोलामुळे; फक्त तेथे रबराऐवजी स्प्रिंगा आहेत.

रबराला स्वतःच्या मर्यादाही आहेत. ताणण्यासाठी दिलेल्या ऊर्जेचा काही अंश उष्णतेत जातो. दीर्घकाळ ताणून ठेवलेल्या रबराचा ओढा मंदावतो, त्याला चिरा पडतात. यास्तव सामना संपताच बँड सैल करावेत आणि वेळोवेळी बदलावेत. वीज बंद केली तरी ताणलेल्या रबरातील ऊर्जा कायम असते. भुजा उसळून इजा होऊ नये म्हणून हाताळताना ती अडकवून ठेवणे अगत्याचे आहे.

तोल साधला की नाही, हे पाहणे सोपे आहे. मोटर सोडवून भुजेला वस्तूच्या निम्म्या वजनाचा भार टांगावा व तिला निरनिराळ्या उंचीवर नेऊन हळूच हात काढावा. ती वर उसळली, तर रबर अधिक आहे. खाली गेली, तर कमी आहे. जागीच राहिली, तर तोल साधला असे समजावे.