दोन पंखे, एक ॲडॉप्टर आणि वाया गेलेले एकवीस दिवस

संशोधन म्हटलं की डोळ्यांसमोर मायक्रोस्कोप आणि महागडी मशीन्स येतात. माझा एकवीस दिवसांचा प्रयोग मात्र एका छोट्या 12 व्होल्टच्या पंख्यामुळे बाद झाला. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये असतो ना, तसाच पंखा. म्हणून आज वायरिंगबद्दल बोलू.

झेब्राफिशच्या पिल्लांची वाढ मोजायची होती. 60 लिटरच्या दोन टाक्या : एकीत बदललेलं खाद्य, दुसरीत नेहमीचं (म्हणजे कंट्रोल). झेब्राफिशसाठी 28.5 अंश हे प्रमाण तापमान मानतात. झाकणातल्या दिव्यांनी पाणी तापायचं, म्हणून प्रत्येक झाकणात दोन पंखे बसवले. लॅबमध्ये 24 व्होल्टचे दोन ॲडॉप्टर पडून होते. मी हिशेब केला, 12 अधिक 12 म्हणजे 24, आणि पंखे एकामागे एक, म्हणजे एकसर जोडले. गणित बरोबर, पण जोडणी चुकीची!

एका शनिवारी कंट्रोल टाकीतला एक पंखा अडकला. एकसर जोडणीत करंटला एकच वाट असते. अडकलेल्या पंख्यातल्या सर्किटने स्वतःचा करंट तोडला आणि चांगला पंखाही थांबला. सोमवारी लॉगर पाहिला तर 32 अंश! मासे जिवंत होते, पण आकडे मेले होते. पिल्लांची वाढ तापमानावर अवलंबून असते. आता दिसणारा फरक खाद्याचा की उष्णतेचा, हे कसं सांगणार? मॅडमना सांगताना घशाला कोरड पडली होती.

मग बरोबर पद्धत कोणती? समांतर जोडणी. सगळ्या पंख्यांच्या लाल वायरी ॲडॉप्टरच्या धन टोकाला, काळ्या ऋण टोकाला. तिसरी वायर असेल तर ती वेग मोजायची असते, ती इन्सुलेट करून मोकळी सोडा. समांतर जोडणीत प्रत्येक पंख्याला पूर्ण 12 व्होल्ट मिळतात आणि करंटची बेरीज होते. पंख्यावर 0.15 ॲम्पिअर छापलं असेल, तर चार पंख्यांना 0.6 ॲम्पिअर लागतील. सुरू होताना पंखा थोडा जास्त करंट ओढतो, म्हणून 12 व्होल्ट, 1 ॲम्पिअरचा ॲडॉप्टर घ्या. धन वायरीत ॲडॉप्टरजवळ 1 ॲम्पिअरचा फ्यूज टाका. जोडण्याआधी धन-ऋण मल्टिमीटरने तपासाच. या पंख्यांत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, उलटी जोडणी काही पंखे सहन करत नाहीत.

सोल्डर केलेल्या सांध्यांवर हीट-श्रिंक ट्यूब चढवा. ॲडॉप्टर टाकीच्या वर कधीच नको. वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोल ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत जाण्याऐवजी तिथेच टपकेल. थर्मोस्टॅटचा रिले 230 व्होल्टवर नको, 12 व्होल्टच्या बाजूला लावा.

पंखा हवा आत फेकणारा ठेवा आणि समोर बाहेर जायला फट ठेवा. बाहेर ओढणारा पंखा सतत दमट हवेत राहतो आणि लवकर गंजतो. स्टिकर असलेल्या बाजूने हवा बाहेर पडते, हे लक्षात ठेवा.

आता यामागचं विज्ञान. गार करतं ते बाष्पीभवन, पंखा फक्त दमट हवा हटवतो. 60 लिटर पाणी एका अंशाने गार करायला साधारण 252 किलोज्यूल काढावे लागतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2.4 किलोज्यूल जातात. म्हणजे जेमतेम 105 ग्रॅम पाणी उडालं की झालं, माठासारखंच! पण हवा दमट असेल तर हे जमत नाही. खोली 34 अंशांवर आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर नुसत्या पंख्याने पाणी साधारण 31 अंशांखाली जात नाही. विदर्भातल्या मे महिन्यात चालणारी युक्ती कोकणात फसते ती यामुळे. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी भरा, कारण क्षार टाकीतच उरतात आणि नळाच्या पाण्याने ते वाढत जातात.

आता माझ्या दोन्ही टाक्यांचे चारही पंखे एकाच ॲडॉप्टरवर समांतर आहेत. ॲडॉप्टर गेला तर दोन्ही टाक्यांवर सारखा परिणाम होईल. एक पंखा गेला तर बाकीचे तीन फिरत राहतील, आणि 30 अंशांच्या वर पाणी गेलं की अलार्म वाजेल.

प्रयोगाची आखणी करताना उपकरणांची यादी काढताच ना? त्या प्रत्येकापुढे एक प्रश्न लिहा : हे शनिवारी रात्री बंद पडलं, तर मला कधी कळेल? माझ्याकडे याचं उत्तर 'सोमवारी' असं होतं.