महाकालीला जाता, तसा परकोटही पाहा

चैत्रात मुकुटबन-झरी भागातून वणी, घुग्गुसमार्गे चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला जाणारी घरे पुष्कळ आहेत. झरपट नदीवर हातपाय धुवायचे, ओटी भरायची, संध्याकाळची एस.टी. धरायची, झाली यात्रा! जवळच अंचलेश्वराचे देऊळ नि गोंड राजांच्या समाध्या आहेत. राणी हिराईने पती बीरशहाची समाधी बांधली, महाकालीचे देऊळही तिचेच. तिकडे मात्र फार थोडे वळतात.

इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या बेचक्यात हे शहर वसले. भोवती दगडी परकोट, त्याला चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा, आणि पाच खिडक्या. दरवाजावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे, तो मुलांना दाखवा. खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्यामागे एक ससा लागला, आणि ससा धावला त्या वाटेने राणीने तट आखायला लावला, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण तटावरून चालताना पोरे सशाची वाट शोधतात.

मला मात्र या राजांची दुसरी गोष्ट मोलाची वाटते. जो तलाव बांधेल त्याला जमीन देण्याची त्यांची रीत होती. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपुरात त्या नावाची वस्ती आजही आहे. पाणी अडवणाऱ्याला मान देणारे राज्य!

इंग्रजांनी १८१८ च्या मे महिन्यात किल्ला घेतला. त्यानंतर तटाला खरा शत्रू मिळाला तो झाडांचा. पाखरांच्या विष्ठेतून पिंपळ-उंबराचे बी फटीत पडते, मूळ चुन्याच्या सांध्यात शिरते, जाड होते आणि दगड बाहेर ढकलते. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी महिनोन् महिने खपून बुरूज मोकळे केले. त्याच वर्षी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला. पुढे तटावरून लोकांना फिरवून माहिती देणेही सुरू झाले. बांधावरचे झुडूप उपटतो तसे इथे हात घालू नका. मुळाबरोबर दगड निघतो. बुंध्याशी कापून मूळ जागीच मारावे लागते, आणि ते काम जाणकारांचे.

दुसरा शत्रू आपणच. पडका दगड गोठ्याच्या पायाला बरा, असे म्हणून नेणारे आहेत. १९५८ च्या कायद्याने संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गोठ्याला एवढा महाग दगड कशाला?

चैत्रात चंद्रपूरचे ऊन भाजून काढते. तेव्हा दर्शन पहाटे उरका, समाध्या आणि अंचलेश्वर दरवाजा सकाळीच पाहा. तटावर चढायचे तर हिवाळ्यात, कापूस वेचणीतून एखादा दिवस काढून या. पायात जाड वहाणा असू द्या, आणि म्हाताऱ्यांना पडक्या पायऱ्यांवर नेऊ नका.