नार्वा : कायमची नसलेली सीमा

एस्टोनियातला नार्वाचा हर्मन किल्ला आणि नदीपलीकडचा रशियातला इव्हानगोरोद यांचा एकत्र फोटो पाहिला की ही सीमा अनादी काळापासूनची असावी, असे वाटते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. पश्चिम तीरावरचा किल्ला मूळ डेन्मार्कच्या राजवटीतला. 1346 मध्ये डेन्मार्कने उत्तर एस्टोनिया ट्यूटॉनिक सरदारसंघाला विकला, त्यात तोही गेला. मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने समोरचा इव्हानगोरोद गड उभारला तो 1492 मध्ये. त्यानंतर दोन तीरांवर दोन सत्ता किती काळ होत्या? 1558 मध्ये रशियाने नार्वा जिंकले आणि दोन्ही किल्ले एका सत्तेखाली आले. 1590 ते 1612 एवढा खंड सोडला, तर पुढे स्वीडन, 1704 पासून पीटर द ग्रेटचा रशिया, 1920 च्या तार्तू तहानंतर एस्टोनिया आणि मग सोव्हिएत संघ, या सर्वांकडे बहुतेक काळ दोन्ही तीर होते.

मग एवढ्या जाड भिंती कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो रास्तच आहे. वैर खरे होते, स्वीडन आणि रशिया यांच्यातली 1700 ची नार्वाची लढाई त्याची साक्ष देते. पण वैर होते ते या वाटेच्या ताब्यासाठी. पश्चिमेचा माल रशियात जाण्याचा हा मार्ग. त्याच व्यापाराच्या धास्तीने तालिन या एस्टोनियातल्याच बंदराने नार्वाला हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाचे सदस्यत्व मिळू दिले नाही. ज्याला नार्वा हवे होते, त्याला दोन्ही तीर हवे होते. आजची रेषा 1945 मध्ये सोव्हिएत सत्तेने आपल्या दोन घटक प्रजासत्ताकांमधली हद्द म्हणून आखली. ती आंतरराष्ट्रीय सीमा झाली 1991 मध्ये.