हिरव्याचं पिवळं करताना
जागा आणि आराखडा : भाग ५

झोन दाखला आणि भाग नकाशा कसा मागायचा, ते मागच्या भागात पाहिलं. आता समजा दाखला हातात आला आणि वाईतली आपली जागा हिरव्या रंगात, म्हणजे शेती विभागात निघाली. किंवा रंग पिवळा, म्हणजे रहिवासाचा आहे, पण वर बागेचं किंवा शाळेचं आरक्षण बसलेलं आहे. बहुतेक जण इथून थेट बांधकाम परवानगीचा अर्ज करतात. तो नामंजूर होतो, आणि व्हायलाच हवा. मंजूर विकास आराखड्याच्या विरुद्ध परवानगी देण्याचा अधिकार मुख्याधिकाऱ्यांना नाही, नगराध्यक्षांना नाही आणि सर्वसाधारण सभेलाही नाही. बांधकामाचा अर्ज कलम ४४ खाली होतो, आराखड्यातला बदल कलम ३७ खाली. दोन्ही कलमं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधलीच, पण वाटा पूर्ण वेगळ्या.

कलम ३७ ला ‘किरकोळ फेरबदल’ म्हणतात. बदलामुळे आराखड्याचं मूळ स्वरूप पालटता कामा नये, ही त्याची पहिली अट. एखाद्या गटाचा विभाग बदलणं, रस्त्याची आखणी थोडी सरकवणं, आरक्षणाची हद्द कमी करणं हे त्यात बसू शकतं. शहराची अख्खी बाजू शेतीतून उठवून रहिवासात टाकणं बसत नाही. त्यासाठी आराखड्याची सुधारणाच करावी लागते.

अर्ज नगरपरिषदेकडे करायचा, पण निर्णय मंत्रालयात होतो. हे पक्कं ध्यानात ठेवा, कारण ‘ठराव झालाय, आता काम झालं’ असं सांगून जागा विकणारे सगळीकडे भेटतात. नगरपरिषदेचा ठराव ही फक्त सुरुवात आहे. ठरावानंतर राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना निघते, कोणालाही हरकत किंवा सूचना देण्यासाठी एक महिना मिळतो, बाधित लोकांना स्वतंत्र नोटीस जाते, त्यांची सुनावणी होते. मग प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. सरकार नगररचना संचालकांशी विचारविनिमय करतं आणि अधिसूचना काढून बदल मंजूर करतं, त्यात दुरुस्ती करतं किंवा तो नाकारतं. ती अधिसूचना राजपत्रात येईपर्यंत हिरवी जागा हिरवीच असते. तोवर रहिवासी भावाने इसारही देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्जासोबत चालू तारखेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणीची ‘क’ प्रत, भाग नकाशा, सहहिस्सेदारांची लेखी संमती आणि जागेपर्यंत पोचणाऱ्या रस्त्याचा पुरावा जोडा. वाईत संमतीचा मुद्दा विशेष नडतो. जुन्या वाड्यांच्या आणि मळ्यांच्या उताऱ्यांवर तीन पिढ्यांची नावं असतात; कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. वारसनोंदी राहिल्या असतील तर आधी त्या लावून घ्या. अर्ज त्यानंतर.

पण कागदांहून जड असतं ते कारण. ‘जागा माझ्या मालकीची आहे आणि मुलाला घर बांधायचंय’ हे खरं असलं, तरी आराखडा बदलायला पुरत नाही. बदलाने गावाचं काय बिघडत नाही, हे दाखवावं लागतं. शेजारचे गट कोणत्या विभागात आहेत, मंजूर रस्ता किती रुंद आहे, पाणी आणि सांडपाण्याची सोय कुठून होईल, आरक्षण हटवायचं असेल तर ती गरज जवळपास दुसरीकडे भागली आहे का, हे नकाशावर दाखवून लिहा.

हीच कसोटी हरकतीलाही लागते. समजा, आळीतल्या रस्त्याच्या रुंदीकरणाची नवी रेषा तुमच्या ओसरीवरून जातेय. ‘आमच्यावर अन्याय होतोय’ एवढंच लिहिलेली हरकत सुनावणीत दोन मिनिटांत संपते. त्याऐवजी सिटी सर्व्हे नंबर लिहा, आज जागेवर रस्ता किती मीटर आहे ते मोजून लिहा, समोरच्या बाजूला मोकळी जागा असेल तर तिचाही नंबर द्या आणि पर्यायी रेषा लाल शाईने नकाशाच्या प्रतीवर काढून जोडा. हरकत आवक-जावक विभागात देऊन पोच घ्या. सुनावणीला स्वतः हजर राहा आणि आपलं म्हणणं इतिवृत्तात आलं की नाही ते विचारा. हरकत घ्यायला जागेचा मालकच असावं लागतं असंही नाही. शेजारच्या खुल्या जागेवरचं खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठत असेल, तर त्या आळीतला भाडेकरूही लिहू शकतो. कायद्यात ‘कोणीही व्यक्ती’ असे शब्द आहेत, आणि दुर्दैवाने सर्वात कमी वापर त्यांचाच होतो. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते आणि महिना बघता बघता सरतो.

वाईपुरती आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, ती म्हणजे पूररेषा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा जलसंपदा विभागाच्या. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत नव्या इमारतीला मनाई आहे, आणि निळ्या-लाल रेषांमधल्या बांधकामावर निर्बंध आहेत. विभाग पिवळा करून घेतला तरी निळी रेषा जागची हलत नाही. कृष्णाकाठी जागा घेताना झोन दाखल्याइतकीच ही चौकशी महत्त्वाची. वर धोम धरण आहे म्हणून नदी आता आवाक्यात आली, असं समजणं धोक्याचं आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचं देऊळ नदीच्या अगदी काठावर बांधलं, पण मागची भिंत मत्स्याकार केली. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि बाजूंनी निघून जातो. काठावर बांधायचं तर पाण्याचा हिशेब आधी, हे त्या दगडी भिंतीत उघड दिसतं.

आरक्षण वर्षानुवर्षं तसंच पडून असेल तर कलम ३७ शिवाय दुसरा मार्गही आहे, कलम १२७ चा. अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालकीच्या पुराव्यांसह नगरपरिषदेला खरेदी सूचना बजावता येते. त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं आणि लगतच्या जमिनीवर जे करता येतं ते तुमच्याही जमिनीवर करता येतं. पावलं म्हणजे काय, याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये न्यायालयाने बजावलं, की ‘जमीन संपादित करा’ असं नुसतं पत्र सरकारला पाठवलं म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही. ही मुदत तेव्हा सहाच महिन्यांची होती. जमीनमालकाला ना पैसे, ना वापर, अशा अवस्थेत आयुष्य काढायला लावणं अन्यायाचं आहे, आणि हा निकाल त्यावरचा मोठा आधार आहे. मात्र कलम १२७ फक्त आरक्षणाला लागतं, विभागाला नाही. शेती विभागातली जागा १० वर्षं थांबून आपोआप पिवळी होत नाही.

हे सगळं नगरपरिषदेच्या हद्दीतलं झालं. हद्दीबाहेर पसरणी, मेणवली, बावधनकडच्या जमिनींना प्रादेशिक योजना लागू होते, तिथे कलम ३७ ऐवजी कलम २० येतं. घाट चढून पाचगणीला गेलं की २००१ च्या अधिसूचनेने ठरलेलं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र लागतं आणि नियम पुन्हा बदलतात. त्या दोन्हींविषयी पुढच्या आठवड्यात.